सातवी वाटी

अवधानच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यामागे
एक यंत्र रात्रंदिवस चालतं आणि कुठेच पोचत नाही.
सहा खुबे. मांड्या नाहीत, पावलं नाहीत, माणूस नाही.
धातूचा गोळा, त्यावर प्लास्टिकची पांढरी वाटी,
सेकंदाला एक पाऊल,
दिवसाला शहाऐंशी हजार चारशे,
वीज गेली नाही तर.

वीज जाते.
जनरेटर खोकत उठेपर्यंत सहाच्या सहा जण
टाच उचलता उचलता थबकल्यासारखे अंधारात उभे,
आणि मी टॉर्च दातांत धरून वहीत उतरवते:
एकतीस लाख बारा हजार सातशे आठ.

दर पाच लाखांनी पाणी बदलायचं.
पाणी म्हणजे वासराच्या रक्तावरची पिवळी निवळ.
मे महिन्यात एक दिवस उशीर झाला
तर डबा उघडायची छाती फक्त झुंबरभाऊंची.
मग वाट्या धुवायच्या, सुकवायच्या,
तराजूच्या काचेआड ठेवून श्वास धरायचा.
दहा लाख पावलांत दोन तिळांएवढं जातं.
माणूस तेवढं वर्षभरात चालतो म्हणे.
कोण माणूस, ते लिहिलेलं नाही.

सातवी वाटी चालत नाही.
ओझं तेच, पाणी तेच, फक्त पाऊल नाही.
ती नुसती पाणी पिते, जड होते.
तिचं वाढलेलं वजन सहांच्या तुटीत मिळवलं
तरच खरी झीज कळते.

डॉक्टर भदाण्यांनी एकदा पेशंट आणली.
मोगी वळवी, वय सत्तावीस,
नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठ खुडणारी.
सिकल सेलनं खुब्याचं हाड आतल्या आत मेलेलं.
साठीच्या बाईला वीस वर्षं पुरली तरी भागतं,
हिला चाळीस हवीत, पन्नास हवीत.
म्हणून दाखवायला आणली;
नेमकं काय दाखवायला, हे त्यांनाही ठाऊक नसावं.

तिच्या पदराला खकाणा होता.
झुंबरभाऊ शिंकले, मी शिंकले,
यंत्र चालत राहिलं.
"रिकाम्या हातानं चालतोय," ती म्हणाली.
मी सांगितलं, एकेकावर तीनशे किलो आहेत.
"मग ठीक."
सातवीकडे बोट केलं. "ही का उभी?"
ती चालत नाही. ओझं घेऊन थांबते फक्त.
"हिला रोज मिळतो?"

मग म्हणाली, आता बसवून दाखवा.
म्हणजे?
खाली. उकिडवं. असं,
आणि अर्ध्यातच थांबली, भिंतीला पंजा लावून.
देठ खुडायला नऊ तास असं.
चुलीपुढे असं. नळावर असं.

यंत्र पंचवीस अंश पुढे जातं, अठरा मागे.
ही चाल त्याला कुणी शिकवली कोण जाणे,
सपाट फरशीवर, बूट घालून,
जेवायला टेबलाशी बसणाऱ्या एखाद्यानं शिकवली असेल.
मी म्हटलं, याला बसता येत नाही.
ती हसली तेव्हा,
आजारी जनावराकडे बघून हसावं तशी.

ऑपरेशन होऊन दीड महिना झाला.
उकिडवं बसायचं नाही, असं कागदावर लिहून दिलंय.
मुकादमानं पथारीवर स्टूल आणलं,
पण स्टुलावरून मिरची लांब पडते.

आज पन्नास लाख. पहाटेचे पावणेतीन.
लळिंगच्या घाटात ट्रक गिअर बदलतायत.
सहाही तोलल्या. झीज मर्यादेत.
नमुना उत्तीर्ण, असं छापून येईल.
शेऱ्याच्या रकान्यात मी पेनानं लिहिलं:
खाली बसणे – तपासलेले नाही.
झुंबरभाऊ म्हणाले, साहेब खोडतील.
खोडू देत, दाबून लिहिलंय,
मागच्या पानावर उमटलंय.

सातवी तोलायची राहिली होती.
तोलली.
पुन्हा थोडी जड झालीय.